खिडक्या असलेला कडा

स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्या मराठी माणसांपैकी हजारोंनी आयगर आतून पाहिला आहे, पण आपण तो पाहिला हे त्यांना माहीत नसतं. दातेरी रुळांवरची लाल गाडी क्लायने शायडेकच्या खिंडीतून निघते, एक स्थानक घेते आणि डोंगराच्या पोटात शिरते. पुढचे सात किलोमीटर अंधार. मग ३४५४ मीटरवर युंगफ्राउयोख, युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक. तिथे हिमात उड्या मारायच्या, फोटो काढायचे, 'बॉलिवूड' नावाच्या उपाहारगृहात गरम जेवायचं आणि परतायचं. आल्यावर सगळे युंगफ्राउचं कौतुक करतात. बोगद्याचा पहिला मोठा टप्पा आयगर नावाच्या पहाडातून जातो आणि ज्या कड्यानं साठांहून अधिक गिर्यारोहकांचे जीव घेतले तो कडा डब्याच्या भिंतीपलीकडे असतो, हे सांगायला सहलीच्या व्यवस्थापकाला वेळ नसतो.

उंचीच्या हिशेबात आयगर कुठेच बसत नाही. त्याची उंची ३९६७ मीटर. आल्प्समध्ये ४००० मीटरच्या वरची ८२ शिखरं मोजतात, त्या यादीत तो नाही; तेहतीस मीटरांनी हुकला. शेजारचे दोघे, म्योंख आणि युंगफ्राउ, यादीत आहेत. तरी या तिघांपैकी ज्याच्यावर सर्वांत जास्त शाई खर्च झाली तो आयगरच. कारण त्याची उत्तर भिंत. पायथ्याच्या कुरणांपासून माथ्यापर्यंत सुमारे १८०० मीटर, मध्ये कुठेही पठार नाही, खांदा नाही. आपली कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजली तर १६४६ मीटर भरते. कळसूबाई उचलून या भिंतीला टेकवून उभी केली तरी वर थोडी भिंत उरेल.

पण उंच भिंती आल्प्समध्ये आणखीही आहेत. ग्रांद जोरासची उत्तर बाजू आहे, मॅटरहॉर्नची आहे. त्या आडबाजूला, हिमनद्यांच्या आत. आयगरची भिंत मात्र गावाच्या दारात उभी आहे. खाली ग्रिंडेलवाल्ड, १०३४ मीटरवर, गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजताहेत. समोर क्लायने शायडेक, २०६१ मीटर, तिथे एकोणिसाव्या शतकापासून हॉटेल, हॉटेलच्या अंगणात दुर्बीण. भिंतीच्या आत रेल्वे आणि भिंतीला रेल्वेने पाडलेल्या खिडक्या. माणूस इथे मरतो तेव्हा बघणाऱ्यांच्या हातात कॉफीचा कप असतो. आयगरचा सगळा इतिहास, त्याची कीर्ती आणि त्याची बदनामी, या जवळिकीतून आलेली आहे असं मला वाटतं. कड्याची अवघड जागा कुठली, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे.

नावापासूनच गोष्टी सुरू होतात. आयगर म्हणजे राक्षस, म्योंख म्हणजे भिक्षू, युंगफ्राउ म्हणजे कुमारी. कुमारीकडे जाणाऱ्या राक्षसाला भिक्षू मध्ये उभा राहून अडवतो, अशी कथा पोस्टकार्डांवर छापलेली असते. भाषातज्ज्ञांना ती मान्य नाही. नाव १२५२ सालच्या दस्तऐवजात आढळतं, तेव्हापासून ते आहे, आणि राक्षस त्याला नंतर चिकटला. पर्यटनाला राक्षस सोयीचा पडतो.

आता दगडाकडे. सह्याद्री लाव्हारसाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आयगरची उत्तर भिंत चुनखडकाची आहे. एका लुप्त समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ आपल्या बेसॉल्टच्या दुपटीहून जुना. पर्वत म्हणून मात्र आयगर धाकटा, कारण आफ्रिकेच्या रेट्याने तो गाळ दुमडून, उचलून वर यायला पुढे कोट्यवधी वर्षं लागली. पाठीमागे युंगफ्राउच्या माथ्याकडे नाइससारखे स्फटिकी, कणखर खडक आहेत. आयगरच्या वाट्याला चुनखडक आला, आणि तोही गैरसोयीच्या मांडणीने. भिंतीवरचे थर बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या बाजूला उतरते आहेत, घरावरच्या कौलांसारखे. पकडीसाठी हात घालावा तर कंगोरा हातातून निसटायच्या बेतात. पाय ठेवावा तर पाय दरीकडे घसरायला बघतो. मेख ठोकायला सरळ, खोल भेग मिळणं मुश्कील. त्यात दगड भेगाळलेला. भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, सकाळी वितळतं आणि कालपर्यंत घट्ट असलेला धोंडा मोकळा होतो. सह्याद्रीत फिरणारे ज्याला घसारा म्हणतात तो पायाखाली असतो. आयगरवरचा घसारा डोक्यावरून येतो.

भिंतीचा आकारही विचित्र. ती सपाट नाही, आत वाकलेली आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलेल्या माणसाला हा आकार सांगावा लागत नाही. खालून आलेला ढगाचा लोट त्या वाटीत कसा कोंडतो आणि वर उसळतो हे त्याने पाहिलेलं असतं. फरक इतकाच की कोकणकड्याच्या वाटीत धुकं फिरतं, आयगरच्या वाटीत वादळ. अटलांटिकवरून निघालेली वायव्येची हवा स्वित्झर्लंडचा सखल पट्टा ओलांडून येते आणि तिच्या वाटेत पहिली खरी उंच भिंत आडवी येते ती आयगरची. ढग तिथे अडतात, वाटीत शिरतात आणि बसून राहतात. ग्रिंडेलवाल्डमध्ये ऊन पडलेलं असताना भिंतीच्या वरच्या भागात हिमवर्षाव चालू असतो, आणि भिंतीवरच्या माणसाला खालचं ऊन दिसतही नाही.

याहून फसवा आहे फ्योन. हा दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा वारा. पलीकडच्या उतारावर ओलावा टाकून तो कोरडा होतो आणि अलीकडे उतरताना दाबाने तापतो. फ्योन सुटला की आकाश लख्ख होतं, लांबचे डोंगर हाताला लागतील इतके जवळ दिसतात, आणि नवख्याला वाटतं की हवा उघडली. प्रत्यक्षात भिंतीवरचं हिम वितळून कातळावर पाण्याचे ओघळ सुटलेले असतात. फ्योन पडला आणि मागून थंड हवा आली की ते ओघळ जागच्या जागी गोठतात. कातळावर काचेसारखा पातळ, पारदर्शक थर बसतो. त्यात बर्फकुऱ्हाड घुसत नाही, कारण तो फार पातळ. आणि बूट टिकत नाही, कारण तो फार गुळगुळीत. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळटप्प्यावर ज्याची भंबेरी उडाली आहे त्याने ते शेवाळ दिसेनासं झालं अशी कल्पना करावी.

उन्हाचं गणितही उलटं. भिंत उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे दिवसाचा बराच वेळ ती सावलीत असते. ऊन तिला उन्हाळ्यातल्या दुपारनंतर लागतं, तेही वरच्या भागाला. ज्या उन्हाची गिर्यारोहक थंडीत वाट पाहतो तेच इथे धोंड्यांना मोकळं करतं. वरच्या बाजूला एक लहान हिमक्षेत्र आहे. त्यातून चारी बाजूंना हिमाच्या रेघा फुटतात, म्हणून त्याला 'पांढरा कोळी' म्हणतात. वरच्या घळींतून सुटलेलं सगळं, म्हणजे दगड, हिम आणि पाणी, या कोळ्यावर येऊन पडतं आणि तिथून खाली फेकलं जातं. दुपारी कोळ्यात असू नये, एवढा एक नियम आयगरवर सगळे मानतात.

शिखरावर पहिलं पाऊल ११ ऑगस्ट १८५८ ला पडलं, आणि ती हकिगत जवळजवळ विनोदी आहे. चार्ल्स बॅरिंग्टन नावाचा आयरिश तरुण, घोडदौडीच्या जगातला माणूस, आल्प्समध्ये सुटीला आला. त्याला खरं तर मॅटरहॉर्न चढायचा होता. तो तेव्हा कुणीच चढलेला नव्हता. पण त्याच्या पायथ्याच्या त्सेरमाटपर्यंत जायला खिशात पैसे उरले नव्हते. मग जवळचा आयगर. क्रिस्टियान आल्मर आणि पेटर बोरेन हे दोन स्थानिक वाटाडे घेऊन पहाटे साडेतीनला तो निघाला, पश्चिमेच्या उताराने माथा गाठला आणि उतरला. पुढे त्याच्या घोड्याने आयर्लंडची मानाची शर्यत जिंकली. बॅरिंग्टनला बहुधा त्याचाच आनंद जास्त झाला असावा.

ईशान्येची मिटेलेगी धार मात्र सहजी हाती आली नाही. तिच्यावरून खाली उतरणं १८८५ मध्ये जमलं होतं, पण चढणं जमायला १९२१ उजाडावं लागलं. ते केलं युको माकी या जपानी तरुणाने, आमाटर, ब्रावांड आणि श्टॉयरी या ग्रिंडेलवाल्डच्या वाटाड्यांबरोबर. माकींनी नंतर धारेवर निवारा बांधायला दहा हजार फ्रँक दिले आणि १९२४ मध्ये तिथे लाकडी झोपडी उभी राहिली. हेच माकी पुढे १९५६ मध्ये मनास्लूवर पहिल्यांदा पोहोचलेल्या जपानी मोहिमेचे नेते होते. ब्रावांड राजकारणात गेले. आज आयगर चढणारे बहुतेक लोक या धारेनेच जातात, आणि त्यांची सुरुवात पाहण्यासारखी असते: आइसमेर या भुयारी स्थानकावर पर्यटकांबरोबर गाडीतून उतरायचं, बोगद्यातली एक बाजूची वाट धरायची आणि थेट हिमनदीवर बाहेर पडायचं. संध्याकाळी ३३५५ मीटरवरच्या निवाऱ्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना तुटलेल्या सुरीच्या पात्यासारख्या धारेवरून, जागोजाग लावलेल्या जाड दोरांना धरत, माथा.

ही रेल्वे आयगरच्या गोष्टीत सारखी मध्ये येते, म्हणून तिच्याबद्दल थोडं. झुरिचचा उद्योगपती आडोल्फ गुयर-त्सेलर याला ती सुचली १८९३ मध्ये. १८९६ मध्ये काम सुरू झालं, तीन वर्षांत तो स्वतः वारला, आणि गाडी युंगफ्राउयोखला पोहोचली १९१२ च्या १ ऑगस्टला. खोदणारे हात मुख्यतः इटलीहून आलेल्या मजुरांचे. बोगद्यातला राडारोडा टाकायला त्यांनी उत्तर भिंतीला भोकं पाडली आणि त्यातून दगड खाली लोटले. काम संपल्यावर ती भोकं राहिली. एकाला मोठ्या काचा लावून 'आयगरवांड' हे स्थानक झालं. प्रवासी पाच मिनिटं उतरून काचेतून कडा बघायचे. त्याच्या खाली आणखी एक साधं, लाकडी दाराचं भोक होतं. १९३६ मध्ये ते दार उघडून रेल्वेचा एक देखरेख्या बाहेर डोकावला.

त्याच्या आदल्या वर्षी म्युनिकचे झेडलमायर आणि मेरिंगर हे दोघे भिंतीवर चढले होते, आणि पाच दिवसांनी, ३३०० मीटरच्या आसपास, थंडीने संपले. त्या जागेला तेव्हापासून 'मृत्यूचा मुक्काम' म्हणतात. १९३६ च्या जुलैमध्ये चौघे आले: बव्हेरियाचे टोनी कुर्त्स आणि आंद्रेआस हिंटरश्टॉयसर, ऑस्ट्रियाचे अँगरर आणि रायनर. एका गुळगुळीत कातळावरून आडवं जायला वाट नव्हती. हिंटरश्टॉयसरने वर अडकवलेल्या दोराला लोंबून, लंबकासारखे झोके घेत तो कातळ ओलांडला. मागून तिघं आले. शेवटच्याने दोर ओढून घेतला. पुढे दोराची गरज होती आणि मागे वळायचं कुणाच्या मनात नव्हतं.

अँगररला दगड लागला. चौघांनी माघार घेतली. त्या आडव्या कातळावर परत आले तेव्हा त्यावर काचेचा थर बसला होता. दोर नव्हता. हिंटरश्टॉयसरने तासन्‌तास प्रयत्न केले, जमलं नाही. मग सरळ खाली, ओव्हरहँगवरून, दोराने उतरायचं ठरलं. बोगद्यातला देखरेख्या आल्बर्ट फोन आल्मेन दार उघडून हाका मारतो, तर वरून उत्तर येतं, सगळे ठीक आहोत, उतरतोय. तो आत गेला आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. चहा झाला, कुणी आलं नाही. पुन्हा दार उघडलं, तेव्हा एकच आवाज मदतीसाठी ओरडत होता. हिमाचा लोंढा आला होता. हिंटरश्टॉयसर दरीत गेला, बाकी दोघे दोरातच मेले, आणि मध्ये कुर्त्स लटकत होता.

वाटाडे रेल्वेने आले आणि खिडकीतून भिंतीवर गेले, पण अंधार पडला. कुर्त्सने ती रात्र एका दोराला लटकून काढली. एका हातातला मोजा गेला होता, तो हात गोठला. सकाळी त्याने खालच्या मेलेल्या सोबत्याचा दोर कापला, आणि उरलेल्या तुकड्याचे पीळ एका हाताने आणि दातांनी सोडवले. दोर लांब करायचा होता. त्याला सुमारे पाच तास लागले. ती सुतळी त्याने खाली सोडली. वाटाड्यांनी तिला आपला दोर बांधला. त्यांचा लांब दोर आधीच पाठीवरून निसटून दरीत पडला होता, म्हणून दोन दोर गाठ मारून जोडले. कुर्त्स त्या दोरावरून खाली येऊ लागला. आणि ती गाठ त्याच्या कमरेच्या कॅराबिनरमध्ये अडकली. कडीच्या भोकातून गाठ जाईना. वाटाडे खाली काही मीटरवर होते; एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर चढून बर्फकुऱ्हाड वर केली तर तिचं टोक त्याच्या बुटाला लागत होतं. आपल्याकडे प्रस्तरारोहण शिकवताना दोन दोर जोडून उतरताना गाठ कशी ओलांडायची हे पहिल्या काही धड्यांत येतं. गोठलेल्या हाताने, इतके तास लटकल्यावर, ते त्याला जमलं नाही. आता होत नाही, एवढं म्हणून तो गेला.

जर्मन भाषेत उत्तर भिंतीला 'नोर्डवांड' म्हणतात. एका अक्षराच्या फरकाने वर्तमानपत्रांनी तिची 'मोर्डवांड' केली, खुनी भिंत. बर्नच्या सरकारने चढाईवर बंदी घातली, काही महिन्यांत मागे घेतली. इंग्लंडच्या आल्पाइन क्लबचे कर्नल स्ट्रट यांनी या भिंतीच्या नादाला लागणाऱ्यांच्या डोक्याबद्दलच शंका घेतली. त्यांचं म्हणणं मला सर्वस्वी चूक वाटत नाही. पण त्यांनी ज्या जुन्या, सभ्य, वाटाडे पगारावर ठेवून चढण्याच्या पद्धतीची बाजू घेतली, त्यात वाटाड्यांच्या जिवाचा हिशेब फारसा नव्हता, हेही खरं.

भिंत अखेर पडली १९३८ च्या जुलैमध्ये, २१ ते २४ या चार दिवसांत. आंडेर्ल हेकमायर आणि लुडविग फ्योर्ग हे जर्मन. हाइनरिख हारर आणि फ्रिट्झ कास्पारेक हे ऑस्ट्रियन. दोन जोड्या वेगवेगळ्या निघाल्या होत्या. ऑस्ट्रियन पुढे होते, पण दुसऱ्या हिमक्षेत्रावर ते पायऱ्या खोदत चालले होते. हाररकडे तर बुटाला लावायचे काटेच नव्हते, फक्त खिळ्यांचे बूट. मागून आलेल्या जर्मनांकडे बारा काट्यांचे नवे क्रॅम्पॉन होते, त्यातले दोन पुढच्या बाजूला. पायऱ्या न खोदता, पुढचे काटे रोवत ते सरळ वर आले आणि यांना गाठलं. आयगरच्या चढाईचं गुपित विचारलं तर मी शौर्याआधी या दोन काट्यांचं नाव घेईन. पुढे चौघे एका दोरात. पांढऱ्या कोळ्यात हिमाचा लोंढा अंगावरून गेला, तरी चौघे चिकटून राहिले. वरच्या भेगांत हेकमायर घसरला तेव्हा फ्योर्गने त्याला हातांनी अडवलं आणि त्याच बारा काट्यांतला एक फ्योर्गच्या तळहातात घुसला.

चार महिन्यांपूर्वी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला होता. दोन जर्मन आणि दोन ऑस्ट्रियन एका दोरात, हे चित्र नाझी प्रचाराला आयतं सापडलं. चौघांची हिटलरशी भेट घडवली गेली, फोटो छापले गेले. हारर एसएसचा सदस्य होता हे १९९७ मध्ये उघड झालं आणि म्हातारपणी त्याला त्याची उत्तरं द्यावी लागली. या हाररचा आपल्या मातीशी एक धागा आहे. १९३९ मध्ये तो नंगा पर्वताच्या मोहिमेवर आला, परतताना कराचीत असताना महायुद्ध पेटलं आणि इंग्रजांनी त्याला कैद केलं. आधी अहमदनगरची छावणी, मग देवळाली, मग देहरादून. तिथून १९४४ मध्ये पळून तो तिबेटात गेला. आयगर जिंकलेला माणूस नगरच्या उन्हात तारांमागे बसला होता, हे नगरकरांनाही फारसं ठाऊक नसतं. फ्योर्ग १९४१ मध्ये रशियाच्या आघाडीवर मारला गेला. हेकमायर मात्र ९८ वर्षं जगला.

१९५७ ची हकिगत मला १९३६ पेक्षा जास्त अस्वस्थ करते. कुर्त्सला निदान निसर्गाने मारलं. त्या ऑगस्टमध्ये क्लाउडिओ कोर्ती आणि स्तेफानो लोंगी हे इटालियन आणि नोटडुर्फ्ट व मायर हे दोन जर्मन भिंतीवर एकत्र आले. लोंगी पडून एका कंगोऱ्यावर अडकला. कोर्तीला वर दगड लागला. जर्मनांनी त्याला आपला तंबू दिला आणि ते मदत आणायला पुढे गेले. युरोपभरातून गिर्यारोहक जमले, माथ्यावर पोलादी तारेची चरखी बसवली, आणि आल्फ्रेड हेलेपार्ट त्या तारेवरून तीनशेहून अधिक मीटर खाली उतरला. कोर्तीला पाठीवर बांधून त्याने वर आणलं. लोंगीपर्यंत पोहोचता आलं नाही. त्याच्याकडून शेवटचे ऐकू आलेले शब्द दोनच: भूक, थंडी.

जर्मन सापडेनात. मग कुजबुज सुरू झाली की कोर्तीने त्यांना मारलं, तंबूसाठी मारलं. चार वर्षं तो माणूस हे अंगावर वागवत होता. इकडे लोंगीचा देह दोराला लटकलेलाच होता, १९५९ पर्यंत, आणि क्लायने शायडेकच्या दुर्बिणीतून तो दिसत असे. लोक तो बघायला येत. १९६१ मध्ये जर्मनांचे देह सापडले, भिंतीवर नाही, पश्चिमेच्या उतारावर. ते माथ्यावर पोहोचले होते, उतरताना गेले. कोर्ती खरं बोलत होता.

नंतरच्या चढाया भराभर सांगता येतील. १९६१ च्या मार्चमध्ये चार जणांनी पहिली हिवाळी चढाई केली. पण ते मधून एकदा खिडकीतून आत आले होते आणि पुन्हा खिडकीतूनच बाहेर निघाले होते, हे नंतर उघड झालं आणि बराच वाद झाला. १९६३ मध्ये मिशेल दार्बेले एकटा चढला, १९६४ मध्ये डेझी फोग ही पहिली स्त्री. १९६६ च्या हिवाळ्यात अमेरिकन जॉन हार्लिनने नाकासमोर सरळ रेषेत मार्ग काढायचं ठरवलं; सात मिलिमीटरचा, आधी बांधून ठेवलेला दोर घासून तुटला. खाली दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या पत्रकार पीटर गिलमनला भिंतीवरून एक लाल आकृती पडताना दिसली. उरलेल्यांनी मार्ग तीन दिवसांनी पुरा केला आणि त्याला हार्लिनचं नाव दिलं. मग वेगाचं वेड. मेसनर आणि हाबेलर १९७४ मध्ये दहा तासांत. स्विस उली श्टेक २०१५ मध्ये दोन तास बावीस मिनिटं पन्नास सेकंदांत. ज्या भिंतीवर १९३८ मध्ये तीन रात्री काढाव्या लागल्या ती चित्रपट पाहायला लागतो तेवढ्या वेळात. श्टेकचं कौशल्य निर्विवाद आहे. पण तो वेग ताज्या माहितीवर, ठोकून ठेवलेल्या मेखांवर आणि गोठलेल्या भिंतीवर उभा आहे, हे घड्याळ सांगत नाही. श्टेक २०१७ मध्ये नुप्त्से शिखरावर मरण पावला.

'गोठलेली भिंत' म्हटलं ते मुद्दाम. आयगरचं वेळापत्रकच उलटलंय. १९३० च्या दशकात लोक जुलै-ऑगस्टमध्ये यायचे, कारण थंडी कमी आणि दिवस मोठा. तेव्हाच्या फोटोंत भिंतीवर उन्हाळ्यातही हिमाचे मोठे पट्टे दिसतात. हिम हा त्या भेगाळ चुनखडकाचा चुना होता. सैल दगडांना तो धरून ठेवायचा. आता उन्हाळ्यात खालची हिमक्षेत्रं आक्रसतात, कधी नुसता करडा, ओला, सैल उतार उरतो, आणि दगडांचा पाऊस सुरू होतो. म्हणून १९३८ चा मार्ग आता हिवाळ्यात नाहीतर वसंताच्या सुरुवातीला चढतात. थंडी सोसायची, पण दगड जागेवर राहतात.

हे फक्त उत्तर बाजूला नाही. पूर्वेला खालची ग्रिंडेलवाल्ड हिमनदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिचं टोक जवळजवळ गावापर्यंत यायचं, पर्यटक कुरणातून चालत जाऊन बर्फाला हात लावायचे. ती मागे गेली, पातळ झाली. ज्या कड्याला ती बाजूने रेटून उभी होती त्याचा आधार सुटला. २००६ च्या जुलैमध्ये आयगरच्या पूर्व बाजूचा पाच लाख घनमीटरहून मोठा तुकडा दरीत कोसळला. त्याआधी काही आठवडे भेग रुंदावत होती, आणि लोक समोरच्या डोंगरावर बसून, खुर्च्या टाकून, तो कधी पडतो याची वाट बघत होते. जुनी सवय. मागे उरलेल्या बर्फात पाण्याचं तळं साठू लागलं. ते फुटून गावात येऊ नये म्हणून डोंगरात बोगदा खणून त्याला वाट काढून द्यावी लागली. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा जवळपास दहा टक्के बर्फ २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच गेला. युंगफ्राउयोखवर १९३१ पासून संशोधन केंद्र आहे, त्यामुळे इथली हवा कशी बदलली हे अंदाजाने सांगावं लागत नाही, नोंदी आहेत.

रेल्वे आता मोठी झाली आहे. २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून थेट बोगद्याआधीच्या आयगरग्लेचर स्थानकापर्यंत तीन तारांचा पाळणा जातो, पंधरा मिनिटांत, एका डब्यात सव्वीस माणसं, उत्तर भिंतीच्या समोरून. माकींच्या पैशांतून बांधलेली जुनी लाकडी झोपडी धारेवरून काढून त्याच स्थानकाजवळ ठेवली आहे. नवा निवारा वर २००१ मध्ये झाला. आयगरवांडच्या काचेच्या खिडक्यांपाशी गाडी थांबणं २०१६ च्या अखेरीपासून बंद झालं. नव्या गाड्या वेगवान आहेत, वेळ वाचतो. आता फक्त आइसमेरला थांबा, आणि तिथून दिसतो तो डोंगराचा मागचा, हिमाचा भाग.

ऑगस्टमध्ये, क्लायने शायडेकला सर्वाधिक गर्दी असते तेव्हा, हॉटेलसमोरच्या दुर्बिणीपाशी रांग लागते. नाणं टाकायचं, डोळा लावायचा. कोळी दिसतो, खालचा करडा कातळ दिसतो, मधूनच दगड सुटल्यावर उडालेला धुळीचा फुगा दिसतो. १९३८ च्या वाटेवर माणूस मात्र बहुधा दिसत नाही. तो मार्चमध्ये येऊन गेलेला असतो.